रात्रभर गळ टाकून बसावं का?

मी जबलपूरच्या कांचघरातून बोलतोय. मागच्या भागात गळ, दोरी आणि रीळ यांच्याबद्दल बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येतोय. नागपूरच्या एका काकूंनी तो सगळ्यांत सरळ विचारला. त्या म्हणाल्या, "आमचे हे शनिवारी संध्याकाळी तलावावर जातात, रविवारी दुपारी उगवतात, पिशवीत मासा एकही नसतो. रात्री मासे खरंच लागतात, की हे दुसरंच काही असतं?"

काकू, दोन्ही असतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी बोलणार नाही, तुमच्या घरातली गोष्ट आहे. पहिलीबद्दल बोलतो.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. बहुतेक वेळा रात्रभर बसण्यात अर्थ नाही. रोहू-कटल्यासाठी जात असाल तर घरी झोपा, साडेतीनला उठा आणि उजाडायच्या आत पाण्यावर पोचा. शिवडा, शिंगाळा असले मिशाळ मासे हवे असतील आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तरच रात्र काढा. आणि तीही तयारीनिशी. तयारी म्हणजे डबा आणि चटई नव्हे, हे पुढे सांगतो.

आता हे मी कशाच्या जोरावर सांगतो? आमचे आजोबा गोंदियाहून छोट्या लाइनने इथे आले. गोंदिया-जबलपूर ही नॅरो गेज 2015 साली बंद पडली, पण आमच्या घरात अजून कुणी नागपूरकडे निघालं की आई "छोटी लाइन"च म्हणते. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत. 1904 सालचा तो कारखाना, त्यानंतर खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, मग व्हेइकल फॅक्टरी, या सगळ्यांमुळे जबलपुरात मराठी, बंगाली, तेलुगू अशी कुटुंबं येऊन राहिली. त्यामुळे माझं मासेमारीचं शिक्षण असं मिश्र झालं. गळाला गरी म्हणायचं हे आजोबांकडून. नदी वाचायची कशी हे ग्वारीघाटाच्या पलीकडच्या केवटांकडून. आणि आमिष कसं मळायचं हे बाबांच्या सोबतच्या बंगाली मंडळींकडून. ती माणसं रविवारी आमिषाचे डबे घेऊन निघत तेव्हा गल्लीला वास यायचा. भाजलेलं सत्तू, मोहरीची पेंड, मेथी, कधी लाल मुंग्यांची अंडी. एकेकाची कृती वेगळी, आणि सख्ख्या भावालाही सांगायची नाही अशी.

तर मुद्दा असा की मासा रात्री खातो का. सगळे मासे एकसारखे खात नाहीत, इथेच लोकांचा गोंधळ होतो.

रोहू, कटला, मृगळ हे कार्प जातीचे मासे. त्यांचं खाणं पाण्याच्या उष्णतेवर फार अवलंबून असतं. मे महिन्यात दुपारी जबलपूरचा पारा 42-43 पर्यंत जातो. उथळ पाणी तापतं, मासा खोल जातो आणि गप्प बसतो. संध्याकाळी काठाचं पाणी निवायला लागलं की तो वर येतो. म्हणजे तिन्हीसांजा आणि पहाट हे त्याचे दोन जेवणाचे वेळ. मधल्या रात्री तो अगदीच खात नाही असं नाही, पण तुम्ही सहा तास जागून जे मिळवाल ते पहाटेच्या दीड तासात मिळतं.

त्यात तलावाची आणखी एक भानगड आहे. पाण्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री उजेड नसतो, तेव्हा त्याच वनस्पती बाकी जीवांसारखा प्राणवायू वापरतात. त्यामुळे रात्रभर पाण्यातला प्राणवायू कमी कमी होत जातो आणि सूर्य उगवायच्या जरा आधी तो सगळ्यांत खाली असतो. गावतळी हिरवीगार असतील तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा घेताना दिसतात. नवखा माणूस ते बघून खूश होतो, वाटतं मासे वर आलेत, आता लागणार. नाही लागत. ज्याला श्वास मिळत नाही तो जेवेल कसा? अशा तलावावर पहाट नव्हे, संध्याकाळ धरावी, किंवा ऊन पडून तासभर झाल्यावर बसावं. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर बसणाऱ्यांनी हे नक्की ध्यानात ठेवा, कारण तिथे वनस्पती भरपूर. वाहत्या नर्मदेत ही अडचण नाही. दगडांवरून आपटत येणाऱ्या पाण्यात हवा आपोआप मिसळते.

मरळीचं वेगळं. आमच्याकडे तिला सांवल म्हणतात. ती वर येऊन हवेतून श्वास घेते, त्यामुळे प्राणवायूचं तिला एवढं नाही. पण ती बघून झडप घालणारी शिकारी आहे. तिला थोडा तरी उजेड लागतो. पुन्हा पहाट आणि संध्याकाळच.

राहिले मिशाळ मासे, आणि रात्र खरी त्यांची. शिवडा, ज्याला इथे पढिन म्हणतात, शिंगाळा, टेंगरा. यांच्या मिशा म्हणजे शोभा नव्हे. चव ओळखणाऱ्या पेशी मिशांवर असतात, अंगावरही असतात. गढूळ पाण्यात, मिट्ट काळोखात तो मासा तळाशी फिरत चवीने वाट काढतो. शिवाय अंगाच्या दोन्ही कडांना एक संवेदनशील रेघ असते, तिने पाण्यातली हालचाल कळते. म्हणून याला कणकेची सुंदर गोळी दाखवून उपयोग नाही. वास हवा. कोंबडीचं काळीज, आतडी, गांडुळांचा झुबका, किंवा बारीक मासा. केवट सांगतात की चांदणं नसलेली रात्र पढिनला चांगली. माझा अनुभवही तसाच आहे, पण मी काही मोजून पाहिलेलं नाही.

महिन्यांचं गणित लवकर उरकतो. मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रात्र काढण्यात अर्थ आहे. ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबरही बरा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार, मासा सुस्त, आणि नदीवर धुकं असं की स्वतःची काठी दिसत नाही. सर्दीशिवाय काही मिळत नाही. आणि 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंदच असते. तो काळ माशांच्या विणीचा. पहिल्या पुरात रोहू-कटला प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी घालतात, रोहूच्या मादीत किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. म्हणजे त्या दिवसांत एक मादी धरली तर काय धरलं याचा हिशोब करा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या समुद्रावरची 1 जून ते 31 जुलैची बंदी वेगळी, तिच्याशी गल्लत करू नका. दरवर्षी कुणीतरी मला म्हणतं, "आमच्याकडे एक ऑगस्टला सुटली, तुमच्याकडे अजून कशी बंद?"

आता जागा. जबलपूरला तलावांचं शहर म्हणत, बावन्न ताल होते असं सांगतात. हनुमानताल, राणीताल, आधारताल ही नावं तुम्ही ऐकली असतील, पण राणीतालात आता स्टेडियम आहे, आणि बाकीचे जे उरलेत त्यांच्यावर रात्री गळ टाकायला मी कुणाला सांगणार नाही. शहराचं सांडपाणी कुठे जातं हे आपल्याला ठाऊक आहे. परियट आणि खंदारी हे शहराला पाणी पुरवणारे जुने जलाशय, तिथे मगरी आहेत. परियटच्या मगरी तर जबलपुरात प्रसिद्ध आहेत. मगर रात्री जास्त फिरते. काठावर माशाचं पोट साफ केलं, रक्त धुतलं, आणि तिथेच पाय पाण्यात सोडून बसलात, तर तुम्ही तिला आवतणच दिलं. टॉर्च पाण्यावर फिरवली आणि लालसर ठिपके चमकले तर सामान सोडून मागे या. ठिपके जोडीने दिसतील असंही नाही, ती आडवी असली तर एकच दिसतो.

ग्वारीघाट, तिलवारा, भेडाघाट या घाटांवर मासा धरत नाहीत. तिथे लोक कणकेच्या गोळ्या माशांना घालतात, दिवे सोडतात. श्रद्धेची जागा आहे, तिथे गळ काढून बसणं म्हणजे मार खायची तयारी, आणि मी म्हणेन योग्यच. त्यामुळे माणसं दोन ठिकाणी जातात. एक, बरगी धरणाचा जलाशय. दुसरं, धरणाच्या खालचं नर्मदेचं पात्र, जमतरा आणि त्याच्या वरच्या बाजूचे खडक.

बरगीबद्दल जरा थांबून बोलतो. शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर हे धरण आहे. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांत आधी पूर्ण झालेलं. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या 162 गावांना त्याची झळ बसली. जलाशयावर गेलात आणि गळ खाली अडकला तर तो दगडातच अडकला असेल असं नाही. खाली बुडालेली झाडं आहेत, घरांचे अवशेष आहेत. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नावाड्याने सांगितलं होतं की इथे खाली आंबराई होती. त्यानंतर गळ तुटला तरी मला चिडता आलं नाही.

त्या विस्थापितांनी लढून 1994 साली जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळवला होता. पुढे व्यवस्था बदलली, पण पाण्यावर राबणारी माणसं तीच. ही माणसं संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. त्यांची रात्र म्हणजे कामाची पाळी आहे, आपली रात्र म्हणजे हौस. तेव्हा दोन गोष्टी. परवानगी घ्या, जलाशय असो की गावतलाव, मासेमारीचा हक्क कुणाच्या तरी नावावर असतो. महाराष्ट्रातही तलाव सहकारी संस्थांना ठेक्यावर दिलेले असतात. आणि बसायच्या आधी जवळच्या मच्छीमाराला विचारा, "तुमचं जाळं कुठून कुठपर्यंत आहे?" रात्री तुमचा गळ त्याच्या जाळ्यात गुंतला तर तुमचा एक गळ जातो, त्याचं जाळं फाटतं. एवढं विचारलं की तोच माणूस तुम्हाला मासा कुठे आहे तेही सांगतो. आजवर मला एकही असा भेटला नाही ज्याने सांगितलं नाही.

आता धरणाखालच्या पात्राची गोष्ट. ही मी आजवर कुठल्याच भागात सांगितली नव्हती, ताई ऐकते म्हणून. पण आता भाचाच चाळिशीला आलाय.

1997 चा मे. मी, दादा आणि ताईचा मुलगा, वय वर्षं बारा. जमतऱ्याच्या वरच्या अंगाला पात्रात एक खडकांचा उंचवटा होता. काठापासून तिथवर गोट्यांचा पट्टा, मधे जेमतेम घोट्याएवढं पाणी. आम्ही सहाच्या सुमाराला चपला हातात घेऊन चालत गेलो. पलीकडे खोल डोह, पढिनची नामी जागा. आठपर्यंत दोन टेंगरे लागले. जेवलो. दादाने पाच दोऱ्या लावल्या, प्रत्येकीला घुंगरू बांधलं आणि म्हणाला, वाजलं की उठू. सपाट खडकावर सतरंजी टाकली आणि तिघेही झोपलो.

घुंगरू वाजलं नाही. दोनच्या सुमाराला भाच्याने मला हलवलं. म्हणाला, "मामा, माझी चप्पल कुठेय?"

चप्पल खडकाच्या खालच्या टप्प्यावर काढून ठेवली होती. तो टप्पाच नव्हता. टॉर्च मारली तर सतरंजीपासून हातभर अंतरावर पाणी, आणि आवाज अजिबात नाही. लोकांना वाटतं पाणी चढतं तेव्हा खळाळतं. पात्रात सावकाश चढणारं पाणी उलट खळाळ बंद करतं, कारण ज्या दगडांवर ते आपटत होतं ते दगडच बुडतात. ज्या पट्ट्यावरून आम्ही चालत आलो होतो तिथे धार होती. मी दोर कमरेला बांधला. म्हटलं, मी पलीकडे जातो, दोर ताणून धरतो, तुम्ही धरून या. दादाने माझी कॉलर धरली आणि खाली बसवलं. एरवी त्याने माझ्यावर कधी हात टाकला नव्हता.

आम्ही सामान सोडून खडकाच्या अगदी माथ्यावर गेलो. तिघांना उभं राहण्यापुरती जागा. भाच्याला मधे घेतलं. पाणी आणखी वीतभर चढलं आणि थांबलं. उजाडेपर्यंत आम्ही तसेच. सकाळी एक केवट डोंगी घेऊन आला, एकेकाला पलीकडे नेलं. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "मछली देख के सोए थे भैया, पानी देख के सोना था."

चूक कुणाची? आमचीच. बरगीला 90 मेगावॉटचं वीजघर आहे. वीजघर चालू झालं की पाणी खाली सुटतं आणि पात्रातली पातळी चढते, काही तासांनी ती खालच्या गावांपाशी पोचते. वीज माणसाला संध्याकाळी आणि रात्री जास्त लागते. म्हणजे ज्या वेळी आपण झोपतो त्याच वेळी पाणी चढायची शक्यता. हे तिथल्या प्रत्येक केवटाला ठाऊक होतं. आम्ही विचारलं नव्हतं. कोयनेच्या खाली बसा, जायकवाडीच्या खाली बसा, कुठल्याही धरणाखाली बसा, हेच लागू आहे.

तेव्हापासून माझे नियम ठरले. पात्रातल्या बेटावर, खडकावर रात्री मुक्काम करायचा नाही, घोटाभर पाणी ओलांडून जावं लागत असलं तरी नाही. पोचल्यावर पहिलं काम गळ टाकायचं नव्हे. एक सरळ काठी पाण्याच्या कडेला रोवायची, पाण्याच्या रेषेवर चाकूने खाच करायची आणि वर चार-चार बोटांवर आणखी खाचा. अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघायचं. एक खाच बुडाली की सामान आवरायला घ्यायचं, दुसरीची वाट बघायची नाही. झोपायची जागा जुन्या पुराच्या खुणेच्या वर. झुडपांत अडकलेला गाळ-काडीकचरा दिसतो ना, ती खूण. आणि तिघांपैकी एक कायम जागा. एकट्याने रात्र काढायची नाही. दोघं असाल तर पाळी लावा. सगळेच पिणारे असाल तर घरीच बसा, तिथे निदान बुडत नाही.

दुसरी भीती मण्यारीची. हिंदीत करैत. हा साप रात्री फिरतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो. दंश इतका बारीक असतो की अनेकदा मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून, मग पापण्या जड होतात, जीभ जड होते, श्वास अडखळतो. मासे धरायला गेलेल्या माणसाच्या पोटात दुखलं तर लोक म्हणतात, रात्रीचं खाणं बाधलं. तिथेच वेळ जातो. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखतंय आणि पापण्या मिटताहेत, एवढं दिसलं की दंशाची खूण शोधत बसू नका. घट्ट बांधू नका, चिरू नका, झाडफूक नको. हालचाल कमी ठेवून माणसाला थेट अशा दवाखान्यात न्या जिथे सर्पविषावरची लस आहे आणि कृत्रिम श्वास द्यायची सोय आहे. जबलपुरात म्हणजे मेडिकल कॉलेज. तुम्ही जाल तिथून जवळचा असा दवाखाना कोणता, हे निघायच्या आधी माहीत हवं, आणि मोबाइलला रेंज कुठे येते तेही.

यावरचा उपाय साधा आहे. घडीची खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. डासही वाचतात, सापही. खाट नेणं शक्य नसेल तर मच्छरदाणी तरी न्याच, आणि तिच्या कडा सतरंजीखाली दाबा. लोक दोन हजाराचं रीळ घेतात आणि दोनशेच्या मच्छरदाणीला "कशाला ओझं" म्हणतात. पायात बंद बूट. अंधारात हात घालून दगड, लाकूड उचलायचं नाही.

मे अखेरच्या वळवाच्या ढगांचंही सांगतो. हल्लीच्या काठ्या ग्राफाइटच्या असतात आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. क्षितिजावर चमकलं की काठी आडवी ठेवून पाण्यापासून लांब या, एकट्या झाडाखाली नको.

बाकी सामानाचं थोडक्यात. डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. जादा सेल. पाण्यावर सारखा उजेड मारत बसू नका, गरजेपुरता. दोऱ्यांना घुंगरू बांधा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका, आमचं पाहिलंत. गळ सोडवायला लांब चिमटा आणि जाड हातमोजा. शिवड्याचं तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकतं आणि दात बारीक, आत वळलेले. बोट आत गेलं तर सोलूनच निघतं. शिंगाळ्याच्या आणि टेंगऱ्याच्या कल्ल्यामागे आणि पाठीवर काटे असतात, सिंगी माशाचा काटा तर विषारी. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. त्यासाठी थर्मासात चहाशिवाय नुसतं गरम पाणीही असू द्या. मी दोन थर्मास नेतो. पिण्याचं पाणी माणशी निदान तीन लिटर, नदीचं प्यायचं नाही. जेवायला पोळ्या, कांदा, ठेचा. रस्सा नको, अंधारात सांडतो आणि मुंग्या येतात.

आणि बर्फ. उन्हाळ्यातली रात्र काठावरही 27-28 अंशांची असते. दहा वाजता धरलेला मासा ओल्या पोत्यात गुंडाळून सकाळी आठला घरी नेलात तर तो खायच्या लायकीचा राहीलच असं नाही. मासा लागला की लगेच कल्ले आणि पोट काढा, पाण्याच्या कडेला नव्हे, मागे सरकून. मग थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फ, एक थर मासा. किलोला किलो बर्फ धरा. बर्फ न्यायचा नसेल तर मासा जाळीच्या पिशवीत पाण्यात जिवंत ठेवा, पण पिशवीवर लक्ष ठेवावं लागतं.

एक मासा मात्र घरी आणायचा नाही. महाशीर. नर्मदेवर त्याला बाडस म्हणतात, आपल्याकडे खडस. 2011 पासून तो मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. त्याला स्वच्छ, वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. धरणांनी पाणी साचलं आणि त्याच्या जागा गेल्या. रायगड जिल्ह्यात वाळण कोंडीला देवीचे मासे म्हणून लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखलाय, लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं सोडली जातात. तुमच्या गळाला लागला तर हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा. मला आयुष्यात चार वेळा लागला. चौथा 2009 साली. त्यानंतर नाही.

तर काकू, तुमच्या यजमानांना विचारा की ते कोणत्या माशासाठी जातात. रोहू म्हणाले तर पहाटे साडेतीनचा गजर लावून द्या. पढिन म्हणाले तर जाऊ द्या, पण सोबत कोण, जागा नेमकी कुठली, आणि किती वाजता परत, हे कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे फ्रिजवर तो कागद असतो. त्यावरच्या वेळेनंतर एक तास झाला की बायको दादाला फोन करते. दादा आता सत्तरीचा आहे, गुडघे गेलेत, येत नाही. पण फोन उचलला की आधी हेच विचारतो, "काठी रोवून गेलाय ना?"

पुढच्या भागात आमिष मळायचं. बंगाली कृती सांगेन, निम्मी. उरलेली निम्मी ज्यांची आहे त्यांना मी शब्द दिलेला आहे.